अडसर पाण्याचा नाही, काठाचा

उन्हाळ्याच्या सुट्या लागल्या की मराठवाड्यातील गावोगावच्या विहिरी पूर्वी मुलांच्या कल्लोळाने भरून जात. पाठीला वाळलेला भोपळा किंवा पत्र्याचा रिकामा डबा, कमरेला दोर आणि दोराचे दुसरे टोक काठावर उभ्या असलेल्या काकाच्या किंवा थोरल्या भावाच्या हाती, अशा थाटात कित्येक पिढ्या पोहायला शिकल्या. या शाळेला शुल्क नव्हते की प्रवेश अर्ज नव्हता. मात्र ती सर्वांसाठी होती असेही नाही. मुली तेथे क्वचितच दिसत. गावातील प्रत्येक विहीर प्रत्येक जातीच्या मुलाला खुली नव्हती. आणि पोलिओने पाय लुळा पडलेला, डोळ्यांनी न दिसणारा किंवा फिट येणारा मुलगा थारोळ्यावर बसून इतरांचे कपडे राखत असे.

आता बहुतेक विहिरींचे पाणी तळाला गेले आहे आणि शेतात बोअर आले आहेत. पोहणे शिकायचे तर नांदेड किंवा लातूर शहरातील जलतरण तलाव गाठावा लागतो. तेथे शुल्क आहे, ठरलेल्या वेळा आहेत, वैद्यकीय प्रमाणपत्र आहे आणि पाण्यात उतरायला उभी लोखंडी शिडी आहे. व्यवस्था बदलली, पण कपडे राखणारा मुलगा मात्र अजून काठावरच बसलेला आहे. त्याला पाण्यात उतरवायचे तर नेमके काय करावे लागेल, याचा विचार आपल्याकडे फारसा होत नाही. खरे तर हा प्रश्न वाटतो तेवढा अवघड नाही आणि वाटतो तेवढा किरकोळही नाही.

पोहणे ही चैन नव्हे

पोहणे म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर एक तर स्पर्धा येते किंवा सुखवस्तू घरातील मुलांचे उन्हाळी शिबिर. प्रत्यक्षात तो जीव वाचविण्याच्या कौशल्याचा भाग आहे. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकडेवारीनुसार २०२१ आणि २०२२ या दोन्ही वर्षांत देशात प्रत्येकी ३६ हजारांहून अधिक माणसे बुडून मरण पावली. जागतिक आरोग्य संघटनेने डिसेंबर २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालात २०२१ या एका वर्षातील जगभरच्या अशा मृत्यूंचा अंदाज तीन लाख इतका दिला आहे. यातील सर्वाधिक बळी लहान मुलांचे आहेत. संयुक्त राष्ट्रसंघाच्या आमसभेने एप्रिल २०२१ मध्ये या विषयावर ठराव केला आणि तेव्हापासून २५ जुलै हा दिवस बुडण्यापासून बचावाचा दिवस म्हणून पाळला जातो. शालेय वयाच्या मुलांना पोहण्याची आणि पाण्यातील सुरक्षिततेची मूलभूत कौशल्ये शिकवावीत, ही संघटनेच्या प्रमुख शिफारशींपैकी एक आहे.

नांदेड आणि लातूरला हा विषय परका नाही. नांदेड शहर गोदावरीच्या काठी वसले आहे. लातूर जिल्ह्यातून वाहणारी मांजरा नदी पुढे त्याच गोदावरीला मिळते. त्याखेरीज गेल्या काही वर्षांत, विशेषतः २०१६ नंतर ‘मागेल त्याला शेततळे’ योजनेमुळे, गावोगावी शेततळी झाली. ज्या शेततळ्यांत प्लास्टिकचे अस्तर असते, त्यांचा उतार तीव्र आणि शेवाळामुळे निसरडा होतो. आत पडलेल्या पोहणाऱ्या माणसालाही बाहेर येणे कठीण जाते. मग न पोहणाऱ्या मुलाची कथा काय? ऑगस्ट २०२५ मध्ये मुखेड तालुक्यातील हसनाळ, रावणगाव परिसरात रात्रीतून पाणी शिरले, तेव्हा पूर हा केवळ कोल्हापूर-सांगलीचा प्रश्न नाही हे साऱ्यांना दिसले. पुराच्या लोंढ्यात पोहण्याच्या कलेचा उपयोग मर्यादितच असतो. तथापि पाण्याची ओळख असलेला माणूस घाबरून हातपाय झाडत नाही, तोंड वर ठेवून तरंगू शकतो आणि मदत येईपर्यंत काही मिनिटे काढू शकतो. अशा वेळी ती काही मिनिटेच निर्णायक ठरतात.

दिव्यांग मुलांच्या बाबतीत धोका अधिक असतो. अपस्माराच्या रुग्णाला पाण्यात झटका आला तर तो आवाजही न करता बुडू शकतो. ऑटिझम, म्हणजे स्वमग्नता असलेली अनेक मुले पाण्याकडे ओढली जातात आणि घरातून नकळत बाहेर पडतात. अशा मुलांमध्ये बुडण्याचे प्रमाण इतरांपेक्षा कित्येक पटींनी जास्त असल्याचे परदेशातील अभ्यासांतून दिसून आले आहे. दिव्यांग मुलाला पाण्यापासून दूर ठेवणे हीच त्याची सुरक्षा, असे आपण मानतो. परंतु मुलाला पाण्यापासून दूर ठेवले म्हणून पाणी मुलापासून दूर राहत नाही.

पाण्यात वजन उतरते

सुरक्षिततेपलीकडेही एक कारण आहे. कमरेएवढ्या पाण्यात उभे राहिले की शरीराचे साधारण निम्मे वजन पाणी पेलते. छातीएवढ्या पाण्यात पायांवर जेमतेम एक तृतीयांश भार उरतो आणि गळ्याएवढ्या पाण्यात तर एक दशांशच. जमिनीवर कुबड्यांशिवाय एक पाऊलही टाकू न शकणारा माणूस पाण्यात आधाराविना उभा राहतो, वळतो, पुढे सरकतो. स्नायू आखडलेल्या सेरेब्रल पाल्सीच्या मुलाला कोमट पाण्यात हातपाय सैल सोडता येतात. दिवसभर इतरांच्या हातांवर अवलंबून असलेल्या माणसाला हा अर्धा तास स्वतःच्या शरीराचा मालक बनवतो.

महाराष्ट्राला याचे सर्वांत मोठे उदाहरण घरातच सापडते. सांगली जिल्ह्यातील पेठ इस्लामपूरचे मुरलीकांत पेटकर लष्करात मुष्टियोद्धा होते. १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून ते जायबंदी झाले आणि कमरेखालचे शरीर निकामी झाले. रुग्णालयात उपचाराचा भाग म्हणून त्यांना पाण्यात उतरविण्यात आले. १९७२ साली पश्चिम जर्मनीतील हायडेलबर्गच्या पॅरालिम्पिकमध्ये त्यांनी ५० मीटर मुक्त शैलीत ३७.३३ सेकंदांची विश्वविक्रमी वेळ नोंदवून सुवर्णपदक जिंकले. पॅरालिम्पिकमधील भारताचे ते पहिले सुवर्ण. ‘पद्मश्री’ मिळायला मात्र २०१८ साल उजाडावे लागले.

त्यानंतरच्या पिढीत सोलापूर जिल्ह्यातील करमाळा तालुक्याचा सुयश जाधव पुढे आला. शाळकरी वयात विजेच्या धक्क्याने त्याला दोन्ही हात गमवावे लागले. वडील स्वतः पोहणारे असल्याने पाण्याचे धडे त्याला घरातच मिळाले होते. २०१६ च्या रिओ पॅरालिम्पिकमध्ये तो उतरला, २०१८ च्या जाकार्ता आशियाई पॅरा स्पर्धेत ५० मीटर बटरफ्लाय प्रकारात त्याने सुवर्ण मिळवले आणि २०२० मध्ये त्याला अर्जुन पुरस्कार मिळाला. विदर्भाच्या दृष्टिहीन कांचनमाला पांडे यांनी २०१७ मध्ये मेक्सिकोतील जागतिक पॅरा जलतरण स्पर्धेत २०० मीटर मेडले प्रकारात सुवर्णपदक पटकावले. ऑटिझम असलेल्या मुंबईच्या जिया रायने २०२२ मध्ये श्रीलंका आणि भारत यांमधील पाल्कची सामुद्रधुनी पोहून पार केली.

या नावांकडे केवळ कौतुकाने पाहून चालणार नाही. पेटकरांना पाण्यापर्यंत लष्कराच्या रुग्णालयाने नेले आणि सुयशला त्याच्या वडिलांनी. कोणी तरी दोराचे दुसरे टोक धरले होते. ज्याच्या घरात पोहणारे वडील नाहीत आणि ज्याच्या पाठीशी लष्कराचे रुग्णालय नाही, त्या उमरी, कंधार, औसा किंवा निलंग्याच्या मुलाचा दोर कोणी धरायचा, हा खरा प्रश्न आहे. गुणवत्तेची वानवा नाही. नांदेड जिल्ह्याच्या भाग्यश्री जाधव यांनी गोळाफेकीत पॅरालिम्पिक गाठले आणि २०२४ च्या पॅरिस पॅरालिम्पिकच्या उद्घाटन सोहळ्यात सुमित अंतिलसह भारताचा ध्वज त्यांच्या हाती होता. मैदानावर जे घडू शकले ते पाण्यात घडू नये, असे काही कारण नाही.

शिकविण्याची वेगळी रीत

‘दिव्यांगांना शिकवायचे कसे, हे आम्हाला ठाऊक नाही,’ ही अनेक प्रशिक्षकांची अडचण प्रामाणिक असते. परंतु ही विद्या आता नवी राहिलेली नाही. जेम्स मॅकमिलन या अभियंत्याने १९४९ मध्ये लंडनच्या हॅलिविक शाळेतील दिव्यांग मुलींना पोहणे शिकविण्यास सुरुवात केली. द्रवगतीशास्त्राचे ज्ञान वापरून त्यांनी दहा टप्प्यांची पद्धत बसवली. तिचे वैशिष्ट्य असे, की हात कसे मारावेत हे त्यात सर्वांत शेवटी येते. आधी पाण्याची भीती जाणे, तोंड पाण्यात घालून श्वास सोडणे, मग शरीराला वळण देऊन तोंड पुन्हा हवेत आणणे, निश्चल तरंगणे आणि त्यानंतर पुढे सरकणे. एका बाजूचे स्नायू दुबळे असतील तर शरीर पाण्यात एका अंगावर कलते. तो कल सावरायला शिकणे हा या पद्धतीचा गाभा आहे. हवेचे फुगे किंवा ट्यूब न वापरता प्रत्येक शिकणाऱ्यामागे एक साहाय्यक पाण्यात असतो.

दृष्टिहीनांसाठी उपाय त्याहून सोपे आहेत. पहिल्या दिवशी तलावाच्या काठावरून हात फिरवीत पूर्ण फेरी मारायची, म्हणजे लांबी, रुंदी आणि खोली मनात बसते. पोहताना रांगेची दोरी हाताला लागत राहते. भिंत जवळ आली की काठावरचा सहकारी मऊ टोकाच्या लांब काठीने हलकेच स्पर्श करतो. आंतरराष्ट्रीय स्पर्धांतही हीच रीत आहे. कर्णबधिर मुलांना शिट्टी ऐकू येत नाही. तेथे दिव्याची उघडझाप किंवा ठरवून घेतलेल्या हातखुणा पुरतात. बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलाला एका वेळी एकच सूचना, तीही प्रात्यक्षिकासह आणि रोज त्याच क्रमाने द्यावी लागते.

काही बाबतींत मात्र सावधगिरीला पर्याय नाही. अपस्मार असलेल्या व्यक्तीसोबत हाताच्या अंतरावर एक माणूस सतत हवा आणि डॉक्टरांचा सल्ला आधी हवा. डाऊन सिंड्रोम असलेल्या काही मुलांच्या मानेचे सांधे सैल असतात, त्यामुळे सूर मारणे टाळावे. मणक्याला इजा झालेल्यांच्या पायांना संवेदना नसते. खरबरीत फरशीने कातडी सोलली तरी कळत नाही. अंगावर जखम किंवा दाबामुळे झालेले व्रण असतील तर ते भरेपर्यंत पाण्यात उतरू नये. ही यादी वाचून घाबरण्याचे कारण नाही. ती प्रशिक्षकाच्या खोलीत भिंतीवर लावली आणि प्रवेशाच्या वेळी चार प्रश्न विचारले, तर ‘नाही’ म्हणण्याची वेळ फारच थोड्यांवर येईल.

काठ नेमका कुठे अडवतो?

समजा, कॅलिपर लावून चालणारी बारा वर्षांची एक मुलगी आईसोबत तलावावर आली. प्रवेशद्वारापाशी तीन पायऱ्या आहेत. कपडे बदलण्याच्या खोलीत बसायला बाक नाही आणि स्वच्छतागृहाच्या दारातून चाकाची खुर्ची जात नाही. कॅलिपर काढल्यावर ओल्या फरशीवरून काठापर्यंत जायचे कसे? पुढे उभी शिडी. महिलांसाठी वेगळी वेळ असलीच तर ती दुपारची, तेव्हा आई कामावर. शिकविणारी महिला प्रशिक्षक असेलच असे नाही. या साऱ्यात त्या मुलीचा पाय हे कारण शेवटचे आहे. गरीब घरातील, पायाने धडधाकट असलेल्या मुलीलाही यातील निम्मे अडथळे तसेच आडवे येतात. म्हणूनच दिव्यांगांसाठी काढलेली वाट इतर वंचितांच्याही उपयोगी पडते.

कायदा या बाबतीत मागे नाही. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ मध्ये संमत झाला आणि एप्रिल २०१७ पासून लागू झाला. त्यात दिव्यांगत्वाचे २१ प्रकार मान्य करण्यात आले. कलम ३० नुसार दिव्यांगांचा क्रीडाप्रकारांत परिणामकारक सहभाग राहावा यासाठी क्रीडासुविधांची रचना बदलणे आणि निधी पुरविणे ही शासनाची जबाबदारी आहे. सार्वजनिक इमारती सुगम्य करण्यासाठी दिलेली पाच वर्षांची मुदत २०२२ मध्ये संपली. महाराष्ट्रातील स्थानिक स्वराज्य संस्थांनी स्वउत्पन्नातील पाच टक्के रक्कम दिव्यांगांसाठी खर्च करावी, असे बंधन आहे. राज्याने डिसेंबर २०२२ मध्ये दिव्यांग कल्याणाचा स्वतंत्र विभागही स्थापन केला. २०११ च्या जनगणनेत राज्यात सुमारे २९ लाख ६३ हजार दिव्यांगांची नोंद झाली होती, तीही जुन्या, मोजक्या प्रकारांनुसार. एवढ्या लोकांपैकी कोणाला पोहायचे असेल, ही शक्यता तलाव बांधताना विचारात घेतली जात नाही, एवढाच काय तो दोष.

‘लातूरला प्यायला पाणी नाही…’

या विषयावरचा सर्वांत रास्त आक्षेप पाण्याचा आहे. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागलेल्या लातूरने पोहण्याच्या गोष्टी कराव्यात काय? या प्रश्नाला भावनेने नव्हे, हिशेबाने उत्तर दिले पाहिजे. ‘जलदूत’ची पहिली गाडी दहा वाघिणींची होती आणि प्रत्येक वाघिणीत सुमारे ५० हजार लिटर, म्हणजे एकूण पाच लाख लिटर पाणी होते. २५ मीटर लांब, साडेबारा मीटर रुंद आणि सरासरी दीड मीटर खोल तलावाला जवळपास तेवढेच, चार लाख ७० हजार लिटर पाणी लागते. दुष्काळात हे परवडणार नाही, हे मान्यच केले पाहिजे.

पण शिकण्यासाठी एवढा तलाव लागतच नाही. दहा मीटर लांब, पाच मीटर रुंद आणि ९० सेंटिमीटर खोल अशा उथळ कुंडात ४५ हजार लिटर पाणी मावते. एका वाघिणीपेक्षाही कमी. ते रोज बदलायचे नसते. गाळणी आणि क्लोरिनच्या साहाय्याने तेच पाणी फिरते राहते. मे महिन्याच्या उन्हात दिवसाला दहा मिलिमीटर बाष्पीभवन धरले तरी घट ५०० लिटरची. वर छत आणि रात्री आच्छादन घातले तर त्याहून कमी. गाळणी धुण्याचे पाणी बागेला देता येते. शिवाय उथळ कुंड दिव्यांगांना आणि लहान मुलांना खोल तलावापेक्षा अधिक सोयीचे असते. पाण्याची टंचाई हे मोठा तलाव न बांधण्याचे कारण होऊ शकते. शिकवूच नये याचे कारण होऊ शकत नाही.

बांगलादेशाचा अनुभव येथे उपयोगी पडेल. तेथे ‘स्विमसेफ’ या उपक्रमात गावातील तळ्यातच बांबूचा मंच बांधून त्याला कठडा केला जातो. त्यामुळे मुले ठराविक खोलीतच राहतात आणि गावातील प्रशिक्षित तरुण-तरुणी त्यांना शिकवतात. २५ मीटर पोहणे आणि ३० सेकंद तरंगणे एवढेच उद्दिष्ट. शिकलेल्या मुलांमध्ये बुडून मरण्याचे प्रमाण ९० टक्क्यांहून अधिक घटल्याचे २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात आढळले. बांगलादेशासारखी बारमाही तळी आपल्याकडे नाहीत आणि वाहत्या गोदावरीत किंवा अस्तर घातलेल्या शेततळ्यात असे वर्ग घेणे धोक्याचेच ठरेल. मात्र संगमरवरी तलाव नसला तरी शिकवता येते, हा त्यातील धडा आपण घेऊ शकतो.

आरंभ कोठून करावा?

दोन्ही शहरांत जे तलाव आहेत त्यांपासून आरंभ करता येईल. पहिली गोष्ट वेळेची. आठवड्यातील तीन दिवस सकाळचा एक तास दिव्यांगांसाठी आणि एक तास मुली-महिलांसाठी राखून ठेवायला बांधकाम लागत नाही, एक आदेश लागतो. दुसरी गोष्ट काठाची. एकास बारा या प्रमाणाचा उतार, दोन्ही बाजूंना कठडे, ओल्या जागेवर न घसरणारी फरशी आणि पाण्यात नेता येईल अशी न गंजणारी खुर्ची, एवढ्याने बरेच काम होते. काठालगत खुर्चीच्या उंचीचा रुंद ओटा बांधला तर व्हीलचेअरवरून त्यावर सरकून पाण्यात उतरता येते. नवा तलाव बांधताना हे सारे आराखड्यातच घातले तर वेगळा खर्च फारसा येत नाही. नंतर तोडफोड करून करायचे तर येतो.

तिसरी आणि सर्वांत महत्त्वाची गोष्ट माणसांची. एकामागे एक साहाय्यक हवा म्हटल्यावर संख्या मोठी वाटते. परंतु नांदेड येथे स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ आहे, ज्याच्या कक्षेत लातूरही येते. दोन्ही शहरांत शासकीय वैद्यकीय महाविद्यालये आहेत. शारीरिक शिक्षणाचे विद्यार्थी, फिजिओथेरपी शिकणारे तरुण आणि मुलांचे पालक यांना थोडक्या प्रशिक्षणानंतर पाण्यात उभे करता येईल. एक अनुभवी प्रशिक्षक आणि एक जीवरक्षक काठावर, बाकीचे हात पाण्यात. चौथी गोष्ट वाहतुकीची. किनवट-माहूरच्या आश्रमशाळेतील किंवा उदगीर-अहमदपूरच्या विशेष शाळेतील मुलांना आठवड्यातून एकदा बसने आणले नाही, तर शुल्कमाफीच्या पाटीला काही अर्थ उरत नाही. तलावाचे शुल्क हा त्यांच्या खर्चातील लहानसा भाग असतो. मोठा भाग असतो तो भाड्याचा आणि आईच्या बुडालेल्या रोजगाराचा.

या कामाचे यश पदकांत मोजू नये. पदके आली तर आनंदच आहे. पण दहा मुलांपैकी दहा जण पाण्यात पडल्यावर उताणे होऊन तोंड वर ठेवू शकले, आपण होऊन काठापर्यंत आले आणि काठ धरून मदतीसाठी हाक मारू शकले, तर वर्ष सार्थकी लागले असे समजावे. विहिरीच्या शाळेत दोर धरणारे घरचे माणूस असे. आता ती शाळा राहिली नाही, तेव्हा तो दोर महापालिकेने, शाळेने आणि विद्यापीठाने धरायचा आहे. थारोळ्यावर बसून कपडे राखणाऱ्या मुलाने आजवर पुरेशी वाट पाहिली आहे.